ऐकवणार नाही

सोलापूर,
१० फेब्रुवारी २०२५

चि. धनलक्ष्मी,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन, आधी भांडायचं आहे. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू "काकू, जेवलात का" असं गोड विचारतेस आणि मी कशावरून चिडले होते तेच विसरून जाते. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही.

तुझ्या कंपनीने तुझ्या काकांची सगळी पुस्तकं नेली.

काल संध्याकाळी नेहमीसारखी टॅब घेऊन बाहेरच्या ओट्यावर बसले, तर पडदा पांढराफटक. एरवी तिथे पुस्तकांच्या फळ्या दिसायच्या, काल एकच ओळ होती, "हे खाते बंद करण्यात आले आहे." आज टपालाने पत्रही आलं. कंपनीला लिंगैक्य सिद्धलिंगप्पा यांच्या निधनाचे तीव्र दुःख झाले असून नियमानुसार त्यांचे खाते व त्यातील सर्व पुस्तके बंद करण्यात येत आहेत. दुःख आणि जप्ती एकाच वाक्यात. आमच्या टायपिंगच्या क्लासात असं वाक्य कुणी केलं असतं तर मी परत करायला लावलं असतं.

त्यांना कळलं कसं म्हणशील, तर मीच कळवलं. जानेवारीत गड्ड्याची जत्रा उठली त्या आठवड्यात हे गेले. शिवगणाराधनेच्या पत्रिका छापल्या तेव्हा घरात ज्यांचे ज्यांचे पत्ते होते त्या सगळ्यांना टाकल्या. मंगळवेढ्याचे पाहुणे, वैरागचे व्याही, क्लासचे जुने विद्यार्थी, आणि तुमची कंपनी. दर दिवाळीला तुमच्याकडून ह्यांच्या नावाने पणतीचं चित्र असलेल्या शुभेच्छा येतात. ज्यांच्याकडून दिवाळीचं पत्र येतं त्यांना घरातल्या मरणाची पत्रिका जाते, आपल्याकडे असंच आहे. पत्रिका मिळाली की माणसं येतात, यायला जमलं नाही तर दोन ओळी लिहितात. पत्रिका मिळाली म्हणून घरातली पुस्तकं उचलून नेणारे पाहुणे मी पहिल्यांदाच पाहिले.

दीडशेच्या वर पुस्तकं होती, धना. त्यातली एक तर अर्धीच राहिली आहे. सीनाकाठच्या एका गावातली भागीरथी विहिरीसाठी सख्ख्या भावांवर दावा लावते, त्याची कादंबरी. निकालाच्या तारखेला ती कोर्टाच्या पायरीवर उभी आहे, गोष्ट तिथवर आली आणि ह्यांना दवाखान्यात हलवावं लागलं. हे म्हणायचे बाई हरणार, मी म्हणायचे जिंकणार. महिनाभराच्या चहाची पैज लागली होती. ती बाई अजून पायरीवरच उभी आहे आणि तुमच्या कंपनीने कोर्टाला कुलूप घातलंय.

मला ती पुस्तकं परत पाहिजेत. दुसरी नकोत, तीच पाहिजेत. तू तिथेच नोकरीला आहेस, तर विचार आणि लिही.

आता आशीर्वाद.

श्रीदेवीकाकू


पुणे,
१५ फेब्रुवारी २०२५

ती. काकूंना शरणार्थ,

तुमचं पत्र कचेरीत जेवणाच्या सुट्टीत उघडलं आणि जेवण तसंच राहिलं.

मी चौकशी केली. पत्रिका आल्यावर आमच्याकडे कुणीतरी तिची नोंद केली असावी, आणि एकदा नोंद झाली की पुढचं सगळं आपोआप होतं, त्यात कुणा माणसाचा हात लागत नाही. नियम असा की इथे पुस्तक घेतलं म्हणजे आपण ते वाचायचा परवाना घेतो. तो परवाना त्या एका वाचकाचा असतो आणि तो हयात असेपर्यंतच चालतो. तो दुसऱ्याला देता येत नाही, मागे ठेवता येत नाही. खाते उघडताना काकांनी हे मान्य केलेलं आहे. सगळेच करतात, वाचत कुणी नाही.

काकू, एक सुचवू? तुमच्या नावाने मी नवीन खाते उघडून देते आणि भागीरथीची कादंबरी माझ्याकडून तुम्हाला भेट. निकाल तरी कळेल. बाकीची पुस्तकं हळूहळू बघू.

काका किती वाचायचे. सोलापुरातून आमच्याकडे सर्वांत जास्त पानं उलटणाऱ्या वाचकांत त्यांचं नाव असायचं. मी कचेरीत सगळ्यांना सांगायची, हे माझे काका. या वयात, इतकी साखर असून. मी दिवाळीत तिकडे आले होते तेव्हा काका म्हणाले, "धना, मोरपंखी रंग तुला शोभतो." ती साडी मी परवा पुन्हा नेसले आणि दिवसभर त्यांचीच आठवण येत राहिली.

तुमची,
धनलक्ष्मी


सोलापूर,
२१ फेब्रुवारी २०२५

चि. धनलक्ष्मी,

भेट नको. माझ्याच घरातली वस्तू तू मला भेट म्हणून देणार आणि मी तुझे आभार मानणार, हे मला जमायचं नाही.

तुझं पत्र संध्याकाळी ओट्यावर वाचून दाखवलं. शेजारची अंबुबाई होती. तिला मराठी कळतं पण गोष्ट कानडीत सांगितल्याशिवाय तिला गोष्ट ऐकल्यासारखं वाटत नाही, म्हणून तुझं पत्रही कानडीत सांगितलं. ती म्हणाली, परवाना तर बंदुकीला लागतो. दही घेऊन येणारी बजाबाईही बसली होती. ती मूळची वेळापूरची, तिचं बोलणं जसंच्या तसं लिहिते. "आवो काकू, इकत घेतलं म्हंजी इकत घेतलं की. तुमी माज्याकडनं दही घेतलं आन् मालक गेलं, तर मी काय दही माघारी न्यायला येती व्हय?" याचं उत्तर तुमच्या कायदेवाल्यांकडून आणून दे, मी तिला सांगेन.

मला एक सांग. पुस्तकाच्या चित्राखाली जे हिरवं बटण असतं त्यावर काय लिहिलंय? "विकत घ्या." भाड्याने घ्या नाही, वापरायला घ्या नाही. विकत. हा शब्द मला सातव्या वर्षापासून कळतो. दुकानात मोठ्या अक्षरात विकत लिहायचं आणि परवाना कुठेतरी मुंगीएवढ्या अक्षरात, याला आमच्या गल्लीत जे म्हणतात ते मी पत्रात लिहीत नाही.

त्या एका शब्दावर विसंबून आम्ही कागदाची पुस्तकं वैरागच्या वाचनालयाला देऊन टाकली होती, हे तुला माहीत आहे. दोन ट्रंका भरून. हे म्हणाले होते, आता सगळं ह्यात विकत घेऊन ठेवू, वाळवी तरी लागणार नाही. वाळवी नाही लागली, कंपनी लागली.

आता शेवटचं, आणि हे मी ओट्यावर वाचून दाखवलेलं नाही. पत्रिका कानडीत छापली होती, ह्यांच्या अक्कलकोटकडच्या भावकीसाठी. मराठीतली एकही छापली नव्हती. पुण्यातल्या तुमच्या कचेरीत ती वाचली कुणी? आणि कंपनीच्या पत्रात कैलासवासी नाही, दिवंगत नाही, "लिंगैक्य" लिहिलंय. हा शब्द आपल्या लिंगायत माणसाशिवाय कुणाच्या हातून उमटत नाही. तू "कुणीतरी नोंद केली असावी" असं लिहिलंस. ते कुणीतरी कोण, ते मला कंपनीचं पत्र हातात पडल्या क्षणी कळलं होतं. तू स्वतः लिहिशील म्हणून थांबले होते.

श्रीदेवीकाकू


पुणे,
२ मार्च २०२५

ती. काकू,

हो, मीच.

पत्रिका टपालाच्या ढिगात आली. कुणाला वाचता येईना म्हणून माझ्या टेबलावर आणून टाकली. काकांचं नाव पाहिलं. मी आराधनेला येऊन गेले होते, तरी ते नाव तिथे, त्या कचेरीत, छापलेलं पाहिल्यावर मला कसंतरीच झालं. मनात एकच आलं की आता दर आठवड्याला त्यांच्या नावाने "सिद्धलिंगप्पा, तुमच्यासाठी नवीन पुस्तक" असे संदेश तुमच्याकडे जात राहतील आणि प्रत्येक वेळी तुमच्या काळजात चर्र होईल. ते संदेश थांबावेत म्हणून मी नोंद केली. पुस्तकंही जातील हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही, कळलं तोवर उशीर झाला होता. पत्राचा मसुदा माझ्याकडे आला तेव्हा त्यात "मयत खातेदार" असं लिहिलेलं होतं. ते मला बघवेना, म्हणून तेवढं बदलून "लिंगैक्य" केलं. माझ्या हातात होतं ते एवढंच.

आणि बटणावरचा "विकत घ्या" हा शब्दही माझाच. ॲपचं सगळं मराठी मी करते. तेव्हा मी "वाचायला घ्या" असं सुचवलं होतं. त्याने विक्री पडेल असं वरून उत्तर आलं.

तुम्हाला माझ्याशी बोलायचं नसेल तर मी समजेन.

धनलक्ष्मी


सोलापूर,
८ मार्च २०२५

चि. धना,

वेडी आहेस का? बोलायचं नसतं तर पोस्टात कशाला गेले असते. तू संदेश थांबवलेस ते बरं केलंस. "लिंगैक्य" लिहिलंस तेही बरं केलंस, त्या अख्ख्या पत्रात तेवढा एकच शब्द मला घरातला वाटला होता. माझं भांडण तुझ्याशी नाही. पण भांडण तू पोचवायचं आहेस, कारण तुमच्याकडे बाकी कुणाला पत्र लिहिलं तर उत्तराला यंत्र येतं.

आता लिहिते ते नीट वाच. हे मी कुणालाही सांगणार नव्हते. ह्यांनी मला शपथ घातली होती. आज ती मोडते, आणि वर गेल्यावर त्यांना काय सांगायचं ते माझं मी बघेन.

तुझे काका वाचत नव्हते. त्यांना गेली चार वर्षं दिसतच नव्हतं.

साखरेने डोळे नेले. आधी एक, मग दुसरा. जन्मभर पोरांना "बोटं बघू नका, कागद बघा" असं सांगितलेला माणूस, त्याला कागदच दिसेना. क्लास विकला तेव्हा वय झालं असं सगळ्यांना सांगितलं, ते कारण नव्हतं. कुणी आलं की काळा चष्मा घालून बसायचे आणि उन्हाचा त्रास होतो म्हणायचे. दिवाळीत तू आत पाणी प्यायला गेलीस तेव्हा मी त्यांच्या कानात सांगितलं होतं, मोरपंखी साडी नेसून आली आहे. म्हणून ते म्हणाले, शोभते. तुला ही गोष्ट आवडणार नाही कदाचित. पण शोभत होती, ते मी पाहिलं होतं.

वाचायचे मी. क्लासात तीस वर्षं मी मजकूर वाचायचे आणि पोरं टाइप करायची. स्वल्पविराम आला की किती थांबायचं, पूर्णविरामाला किती, हे माझ्या जिभेला माहीत आहे. तोंडाने वाचणं हाच माझा धंदा. ह्यांनी टॅब आणला तोच मुळी माझ्यासाठी, कारण मलाही बारीक अक्षर दिसेनासं झालं होतं आणि त्यात अक्षर मोठं होतं. पुस्तक कुठलं घ्यायचं ते सांगायचे हे, पैसे भरायचे हे, खाते ह्यांच्या नावाचं. ते यंत्र उघडायचं माझ्या अंगठ्याने. पानं उलटायची माझी बोटं. आवडलेल्या ओळीखाली पिवळी रेघ मारायची ती मी, हे म्हणायचे "हे राहू दे गं," की मारायची.

संध्याकाळी दिवा लावला की ओट्यावर ह्यांची खुर्ची, माझी खुर्ची, आणि पायरीवर अंबुबाई आणि बजाबाई. ह्यांना मराठीत वाचायचं, मग तेवढंच अंबुबाईला कानडीत. मी पाणी प्यायला थांबले तरी तिचं सुरू, "मुंद एनातु?" पुढं काय झालं. परवा बजाबाई म्हणाली, "लई दिस झालं ओ काकू. त्या भागीरथीला आसं हुबं करून कुटं गेलासा तुमी समदी?"

तुमच्या नियमात काय आहे? परवाना वाचकाचा, वाचक गेला की पुस्तकं गेली. ठीक आहे, नियम तुमचाच धरू. वाचक मी आहे आणि मी जिवंत आहे. गेला तो ऐकणारा. ऐकणारा गेला तर पुस्तक जातं असं तुमच्या अटींत कुठे लिहिलं असेल तर ती ओळ मला पाठव. मोठ्या अक्षरात.

हे सगळं वरच्या माणसाला वाचून दाखव. ह्यांचं गुपित होतं म्हणून लाजू नकोस. त्यांच्या पुस्तकांसाठी मी सांगितलं, त्याची मला लाज वाटत नाही.

तुझी,
काकू


पुणे,
२० मार्च २०२५

ती. काकू,

तुमचं पत्र मी आधी घरी वाचलं. रडून झाल्यावर दुसऱ्या दिवशी कचेरीत नेलं.

आमचे कायदेविभागाचे प्रमुख उदयसिंह, त्यांना वाचून दाखवलं. मला वाटलं ते विरघळतील. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे खातेदाराने स्वतः कधी वाचलंच नाही. दुसऱ्या व्यक्तीने वापरलं. मग हे खाते चार वर्षांपूर्वीच बंद व्हायला हवं होतं." मी म्हटलं, ती दुसरी व्यक्ती त्यांची बायको आहे. ते म्हणाले, "आणि पायरीवरच्या दोघी? त्यांनी विकत घेतलंय का? एका प्रतीत चौघे. असं गल्लोगल्ली सुरू झालं तर आपण विकायचं कुणाला?"

माणूस वाईट नाही, काकू. त्यांनाही वर उत्तर द्यावं लागतं. दोन दिवसांनी स्वतःहून बोलावून म्हणाले की विशेष बाब म्हणून खाते तुमच्या नावावर करता येईल, सगळ्या पुस्तकांसकट. फक्त सोबतच्या हमीपत्रावर तुमची सही लागेल. त्याचं मराठी मीच केलंय, त्यामुळे त्यातलं काय बोचेल ते मला ठाऊक आहे. शेवटची ओळ अशी आहे: "मी सदर पुस्तके मोठ्याने वाचून इतर कोणासही ऐकवणार नाही."

काकू, हात जोडते, सही करून टाका. ओट्यावर कोण येतंय बघायला? सही द्या, पुस्तकं घ्या आणि अंबुबाईंना खुशाल ऐकवा. सगळं जग असंच करतं. याहून जास्त मला काही करता येईल असं वाटत नाही, आणि माझ्यावरही आता जरा नजर आहे.

तुमची,
धना


सोलापूर,
२६ मार्च २०२५

चि. धना,

हमीपत्र सोबत परत पाठवते आहे. सही केली आहे.

"कोण येतंय बघायला" असं तू लिहिलंस, त्याचं उत्तर आधी देते. तसं जगायचं असतं तर मी पत्रिकाच पाठवली नसती. हे गेल्याचं तुमच्या कंपनीला कळलंही नसतं. माझा अंगठा, माझी बोटं, खाते ह्यांचं, मी मरेपर्यंत आरामात वाचत बसले असते. ह्यांच्या मरणाची मी चोरी केली नाही, तर वाचनाची कशाला करू? आणि अंबुबाईला काय सांगू? हळू ऐक म्हणून?

उदयसिंहांना सांग, चौघे होतो हे खरं आहे. पण बजाबाई ते पुस्तक कधीच विकत घेणार नव्हती, तिला अक्षर येत नाही. आणि अंबुबाईला पाहिजे ते कानडीत तुमच्या दुकानात नाहीच, ते फक्त माझ्या तोंडात आहे. त्यांचं कुठलं गिऱ्हाईक मी पळवलं ते त्यांनीच दाखवावं. उलट आमच्या ओट्यावर ऐकून शेजारच्या दोन घरांत तुमचं ॲप आलं, ते कधी कुणी मोजलं नाही.

हमीपत्र मी ओट्यावर मोठ्याने वाचलं, दोघींच्या समोर. शेवटची ओळ आली तेव्हा बजाबाई उठून उभी राहिली. "आन् आमी आयकलं तर आमाला पकडून नेत्यात का काय?" मी म्हटलं, बस, अजून सही व्हायची आहे.

मग सही केली. एक दुरुस्ती केली आहे, ती बघ. मराठीची ही एक सोय मला फार आवडते. माणूस वाक्यभर बोलत जातो आणि नकार अगदी शेवटच्या शब्दाला येतो. शेवटचा तेवढा शब्द खोडला की बाकीचं वाक्य व्यवस्थित उभं राहतं. खोडलेल्या ठिकाणी बाजूला पुन्हा सही केली आहे. टायपिंगच्या परीक्षेत खाडाखोड झाली की तशी करायची असते, नाहीतर ती चूक धरतात. ही चूक नाही.

आता पुस्तकं द्या नाहीतर देऊ नका. मी असा कागद दिला आहे ज्यात एकही खोटी ओळ नाही. तुमच्या कंपनीने मला अजून तसा एकही दिलेला नाही.

तुझ्यावर नजर आहे म्हणतेस, त्याची मला काळजी वाटते. हे पुढे सरकवणं तुला जड जाणार असेल तर नको सरकवूस, मी रागावणार नाही. माझ्या हट्टासाठी तू नोकरी घालवावीस असं मी म्हणणार नाही. पण दुसरं हमीपत्र मात्र पाठवू नकोस.

काकू


पुणे,
७ एप्रिल २०२५

ती. काकूंना शरणार्थ,

तुमचं हमीपत्र उघडलं, शेवटच्या ओळीतला खोडलेला "नाही" पाहिला आणि कचेरीत सगळ्यांसमोर मी इतकी हसले की शेजारच्या मुलीने पाणी आणून दिलं. मग बराच वेळ ते हातात धरून बसले. दोन वाटा होत्या. पाकिटात परत घालून "काकूंनी सही दिली नाही" असं सांगायचं, किंवा सही दाखवायची आणि वर काय खोडलंय ते दाखवायचं नाही. दुसरी वाट सोपी होती, कारण उदयसिंह मराठी कागदाचं पान फक्त सहीसाठी उलटतात.

तुमचं पत्र नसतं तर मी दुसरी धरली असती.

मी त्यांच्यासमोर उभी राहून हमीपत्र मोठ्याने वाचलं. पहिल्या ओळीपासून. शेवटी आले, "मी सदर पुस्तके मोठ्याने वाचून इतर कोणासही ऐकवणार." आणि थांबले. पूर्णविरामाला थांबतात तेवढीच.

ते म्हणाले, "पुढे?"

मी म्हटलं, पुढे सही आहे.

त्यांनी कागद हातात घेतला, खोडलेलं पाहिलं, बाजूची सही पाहिली. म्हणाले, "हे चालणार नाही. नवीन पाठव." मी म्हटलं, "नवीन पाठवते. पण त्यासोबत नकाराचं पत्र लागेल, आणि ते या वेळी मी लिहिणार नाही. एका बाईने आंधळ्या नवऱ्याला चार वर्षं पुस्तकं वाचून दाखवली, हा अटींचा भंग आहे आणि यापुढे तिने ओट्यावर मोठ्याने वाचू नये, एवढं तुम्ही स्वतः मराठीत लिहा आणि खाली तुमची सही करा. मी शुद्धलेखन तपासून देते."

मला माझाच आवाज ओळखू येत नव्हता.

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "माझी आई पण ऐकते. तिला पण दिसत नाही आता." एवढंच. कागदावर शिक्का मारून माझ्याकडे सरकवला आणि फोन उचलला, म्हणजे जा.

खाते आजपासून तुमच्या नावावर आहे. नाव मी स्वतः घातलं: श्रीदेवी सिद्धलिंगप्पा. पुस्तकं सगळी आहेत, पिवळ्या रेघांसकट. भागीरथी जिथे होती तिथेच आहे.

नोकरी अजून आहे. "अजून" हा शब्द मुद्दाम लिहिला आहे. कारण त्याच संध्याकाळी मी वर एक टिपण पाठवलंय की एकतर बटणावरचा "विकत" हा शब्द काढा, नाहीतर विकलेलं परत घेऊ नका. हा शब्द माझ्या हातचा आहे आणि तो खोटा ठरलेला मला चालणार नाही. याचं काय होईल ते बघू. घाबरले आहे, पण झोप छान लागते.

आणि काकू, मोरपंखी साडी मला अजूनही तेवढीच आवडते. उलट आता जास्त.

तुमची,
धना


सोलापूर,
१५ एप्रिल २०२५

चि. धना,

आधी आशीर्वाद, आणि भरपूर. भांडण आज कशावरच नाही.

टॅब उघडला, फळ्या दिसल्या. ह्यांची खुर्ची मी आत नेऊन ठेवली होती ती पुन्हा बाहेर काढली. अंबुबाईला म्हटलं, पायरीवर नको, ह्या खुर्चीवर बस. ती नको नको म्हणत होती, शेवटी बसली. बजाबाईने दह्याचं गाडगं खाली ठेवलं, पदर खोचला आणि म्हणाली, "आता कुनी बी आलं तरी उठायचं न्हाय." मग पायरीवरच्या भागीरथीला आम्ही कोर्टात नेलं.

वाचताना एकदा मी थांबले. ह्यांनी जिथे "हे राहू दे गं" म्हटलं असतं अशी ओळ आली होती. रेघ मारली आणि पुढे गेले. अंबुबाईने त्या वेळी मुंद एनातु विचारलं नाही.

टिपण पाठवलंस ते तुझ्या काकांना आवडलं असतं. नोकरी गेली तर इकडे ये, क्लास पुन्हा उघडू. मी वाचेन, पोरं टाइप करतील, तू शुद्धलेखन बघ. नाही गेली तर त्या बटणाचं काय झालं ते मला कळव.

एक काम सांगून ठेवते. मी गेले की पत्रिका कानडीत छाप, मराठीत छाप, पाहिजे त्यांना पाठव. तुझ्या कंपनीला पाठवू नकोस. त्या वेळी ओट्यावर जी कुणी वाचत असेल तीच वाचक, आणि ती जिवंत असेल.

निकाल लागला. काय लागला ते इथे लिहीत नाही, आणि पैज कुणी जिंकली तेही विचारू नकोस, चहा दोन्हीकडून मलाच करायचा होता. आणि हो, ती कादंबरी मुळीच विकत घेऊ नकोस. सोमवारी ये, मोठ्याने वाचते.

तुझी,
श्रीदेवीकाकू